जुनाट वेदना आणि सामूहिक बोधोपचार

लखनौ शहरातून अयोध्येकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर चिनहट ही जुनी वस्ती आहे. इतिहासाच्या पुस्तकांत तिचे नाव ३० जून १८५७ या तारखेमुळे येते. त्या दिवशी उठाव केलेल्या शिपायांनी येथे सर हेन्री लॉरेन्सच्या फौजेचा पराभव केला आणि त्यानंतर लखनौच्या रेसिडेन्सीला वेढा पडला. कलांची आवड असलेल्यांना चिनहट माहीत असते ते तेथील झिलईदार मातीच्या भांड्यांमुळे; फिकट पांढऱ्या भूमीवर हिरवी व तपकिरी नक्षी हे त्या भांड्यांचे वैशिष्ट्य. आता शहर वाढत वाढत चिनहटच्याही पलीकडे गेले आहे. तथापि लखनौच्या आसपासच्या अशा जुन्या वस्त्यांत व खेड्यांत घरोघरी चालणारे एक काम आजही टिकून आहे, ते म्हणजे चिकनचे भरतकाम.

हे काम बसून करावयाचे असते. कापडावर प्रथम लाकडी ठशांनी, धुतल्यावर निघून जाईल अशा रंगात नक्षी उमटवतात आणि मग ती सुईदोऱ्याने भरतात. टेपची, बखिया, जाली असे टाक्यांचे अनेक प्रकार आहेत. मुर्रीचा टाका तांदळाच्या दाण्यासारखा असतो, तर फंदा बाजरीच्या दाण्याएवढा. एवढे बारीक काम करावयाचे म्हणजे मान खाली, पाठ वाकलेली आणि डोळे कापडापासून वीतभर अंतरावर, अशी बैठक ओघानेच आली. मजुरी नगावर मिळते. जेवढे भरून द्यावे तेवढे पैसे. सबब ही बैठक तासन्‌तास मोडत नाही.

अशा कामाने मान आणि कंबर दुखू लागावी यात नवल नाही. प्रस्तुत विषय त्याच्या पुढचा आहे. काही जणांचे दुखणे विश्रांतीने थांबत नाही, औषधाने दबते पण परत येते आणि असे करता करता वर्षे लोटतात. अवधी बोलीत ती बाई म्हणते, 'कमर पिरात है', आणि हे वाक्य ती दहा वर्षे म्हणत आलेली असते. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुनःपुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेस वैद्यकात 'जुनाट वेदना' म्हणतात. जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तिला स्वतंत्र स्थान देण्यात आले आहे. भारतात केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ४,३२६ प्रौढांपैकी १९.३ टक्के व्यक्तींना अशी वेदना असल्याचे आढळले. म्हणजे पाचांत जवळजवळ एक.

वेदना म्हणजे काय, याविषयी बहुतेकांच्या मनात एक सोपे चित्र असते. शरीरात कोठेतरी इजा होते, तिची वार्ता तारेतून जावी तशी मज्जातंतूंतून मेंदूकडे जाते आणि मेंदूला दुखते. सतराव्या शतकात देकार्त या फ्रेंच तत्त्ववेत्त्याने हेच चित्र रेखाटले होते. विस्तवाजवळ पाय गेला की दोरी ओढली जाते आणि वरची घंटा वाजते, अशी त्याची उपमा होती. ताज्या जखमेपुरते हे चित्र बरेचसे चालते. जुनाट वेदनेला ते लावले की मात्र घोटाळा होतो, कारण त्या चित्रानुसार घंटा वाजत आहे याचा अर्थ आग लागलेलीच असणार; आणि क्ष-किरणांच्या छायाचित्रात आग दिसली नाही तर दुखणारी व्यक्ती खोटे बोलत असणार. असंख्य रोग्यांनी 'तुम्हाला काही झालेले नाही' हे वाक्य ऐकून अपमान गिळला आहे, तो या सदोष चित्रापायी.

चित्राला पहिला मोठा तडा युद्धभूमीवर गेला. हेन्री बीचर हा अमेरिकन भूलतज्ज्ञ दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर होता. गंभीर जखमा झालेल्या दोनशेहून अधिक सैनिकांची त्याने विचारपूस केली. त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश सैनिकांनी वेदनाशामक औषधाची गरज नसल्याचे सांगितले. हे निरीक्षण त्याने १९४६ मध्ये प्रसिद्ध केले. नागरी रुग्णालयात त्याहून लहान शस्त्रक्रियेच्या जखमेसाठीही बहुतेक रोगी औषध मागतात, असे त्याने पुढे दाखवून दिले. त्याने लावलेला अर्थ असा की, सैनिकाला जखम म्हणजे रणांगणातून जिवंत सुटका, तर नागरिकाला ती संसारावर कोसळलेली आपत्ती. जखमेच्या आकाराइतकाच तिचा अर्थही दुखण्याचे माप ठरवत होता.

हे कसे घडत असेल याचा शारीरिक आराखडा १९६५ मध्ये कॅनडाचा रोनाल्ड मेलझॅक आणि इंग्लंडचा पॅट्रिक वॉल यांनी मांडला. मज्जारज्जूमध्ये जणू एक दार आहे; खालून येणारी वार्ता त्या दारातून वर जाते आणि वरून, म्हणजे मेंदूकडून येणारे संदेश ते दार किती उघडायचे हे ठरवतात. भीती, काळजी, लक्ष, पूर्वीचा अनुभव या सर्वांचा हात त्या दाराच्या कडीवर असतो. या आराखड्यातील तपशील पुढे बरेच बदलले, पण मूळ कल्पना टिकली. १९८३ मध्ये क्लिफर्ड वुल्फ या शास्त्रज्ञाने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. इजेची वार्ता वारंवार येत राहिली की मज्जारज्जूतील पेशीच अधिक हळव्या होतात, आणि मग साध्या स्पर्शालाही त्या वेदनेसारखा प्रतिसाद देऊ लागतात. घरातील राखणदार कुत्रे चोरासाठी पाळलेले असावे आणि त्याने पानाच्या सळसळीवरही रात्रभर भुंकावे, तशी ही अवस्था होय. कुत्र्याचे भुंकणे खरे असते. चोर मात्र असतोच असे नाही.

येथे 'मणक्यात गॅप पडली आहे' या घरोघरी ऐकू येणाऱ्या वाक्याचा विचार करणे योग्य होईल. छायाचित्र पाहून उच्चारलेले हे वाक्य रोगी घरी घेऊन जातो आणि त्यातून आपला कणा आता कोणत्याही क्षणी निखळेल असा अर्थ काढतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, पाठ मुळीच न दुखणाऱ्या ३,११० व्यक्तींच्या पाठीची छायाचित्रे विचारात घेतली होती. विशीतील अशा निरोगी व्यक्तींपैकीही ३७ टक्क्यांच्या मणक्यांमधील चकत्या झिजलेल्या आढळल्या, आणि ऐंशीच्या घरात हे प्रमाण ९६ टक्क्यांवर गेले. केस पिकावेत तशीच ही झीज आहे. अर्थात काही चिन्हे कधीही दुर्लक्षू नयेत. पायांतील शक्ती जाणे, जांघेत बधिरपणा येणे, लघवीवरचा ताबा सुटणे, ताप, कारणाशिवाय वजन घटणे, पडल्यावर किंवा अपघातानंतर सुरू झालेले दुखणे, पूर्वी कर्करोग झालेला असणे, यांपैकी काहीही असल्यास प्रथम वैद्याकडेच गेले पाहिजे. येथे ज्या उपचाराचे वर्णन करावयाचे आहे तो ही तपासणी झाल्यानंतरचा आहे, तिच्या ऐवजी करावयाचा नव्हे.

दुखणे जुने होत जाते तसतसे त्याभोवती एक चक्र तयार होते. वाकल्यावर कळ येते म्हणून बाई वाकणे टाळते. न वाकल्याने स्नायू दुबळे होतात आणि पुढच्या वेळी थोड्याशा वाकण्यानेही अधिक कळ येते. मग पाण्याची बादली, नातवाला उचलणे, लग्नाला जाणे असे एकेक सुटत जाते. एखाद्या बऱ्या दिवशी ती साठलेले सर्व काम एकदम उरकू पाहते आणि त्यानंतर दोन दिवस अंथरुणाला खिळते. त्यातून 'काम केले की बिघडते' हा समज पक्का होतो. रात्री झोप नाही, झोप नाही म्हणून वेदना अधिक. यातील मूळ वेदना कोणाच्याही मनाची कल्पना नव्हे. परंतु तिच्यावर चढलेल्या या थरांपैकी काही थर उतरवता येतात.

ते उतरवण्याची रीत दोन प्रवाहांतून आली. अमेरिकेत सिएटल येथे विल्बर्ट फोर्डाइस या मानसशास्त्रज्ञाने वेदनेच्या रोग्यांचे वर्तन पाहिले. व्यायाम 'दुखेपर्यंत' करावा असे सांगण्याऐवजी त्याने 'ठरलेल्या संख्येपर्यंत' करावा असे सांगण्यास आरंभ केला. दुसरीकडे आरन बेक याने १९६० नंतरच्या दशकात नैराश्यावर बोधोपचाराची पद्धत बसवली. बोध म्हणजे जाणणे. आपल्या मनात आपोआप उठणारा विचार पकडावयाचा आणि तो पुराव्याला टिकतो का हे पाहावयाचे, हे तिचे सूत्र. हे दोन्ही प्रवाह एकत्र करून वेदनेवरील उपचाराचा पहिला सविस्तर ग्रंथ टर्क, मायकेनबाउम व जेनेस्ट यांनी १९८३ मध्ये लिहिला. समूहाची कल्पना त्याहून बरीच जुनी आहे. १९०५ मध्ये बॉस्टन शहरात जोसेफ प्रॅट या डॉक्टराने गरीब क्षयरोग्यांचा साप्ताहिक वर्ग सुरू केला. हेतू होता स्वच्छतेचे व विश्रांतीचे नियम एकदम अनेकांना शिकवण्याचा. पण रोग्यांना एकमेकांच्या सोबतीनेच अधिक बळ येते, हे त्याच्या ध्यानात आले.

असा गट चिनहटमध्ये भरला तर तेथे काय चालेल, हे उदाहरणादाखल पाहू. गटात आठ ते बारा स्त्रिया, आठवड्यातून एकदा, दीड तास, आणि असे सहा ते दहा आठवडे. गट चालवणारी व्यक्ती मानसशास्त्रज्ञ, भौतिकोपचारतज्ज्ञ किंवा प्रशिक्षण घेतलेली परिचारिका असू शकते. पहिल्या बैठकीत वेदनेचे शास्त्र साध्या शब्दांत सांगतात, आणि दुखणे खरे आहे हे निःसंदिग्धपणे मान्य करतात. अनेकींनी ते कोणाच्या तोंडून प्रथमच ऐकलेले असते.

नंतर विचारांचे काम येते. कोणी म्हणते, 'बाजी, माझ्या मणक्यात गॅप आहे, मी वाकले तर मोडून पडेन.' गट चालवणारी तिचे म्हणणे खोडून काढत नाही. गेल्या महिन्यात किती वेळा वाकलात, त्यांपैकी किती वेळा काही मोडले, असे ती विचारते. उत्तर शेजारची बाईच देते. कारण तिनेही हाच विचार वर्षानुवर्षे बाळगलेला असतो आणि दुसरीच्या तोंडून ऐकताना त्यातील कच्चेपणा तिला प्रथमच जाणवतो. एकेकट्या रोग्याशी तासभर बोलून जे साधत नाही ते येथे पाच मिनिटांत साधते, आणि समूहाचे खरे बळ बहुधा यातच असावे. खर्च वाचतो हा फायदा त्यामानाने दुय्यम होय. स्नायू शिथिल करण्याची व सावकाश श्वसनाची रीत, झोपेचे नियम, 'मी आज हे करू शकत नाही' असे घरच्यांना न भांडता कसे सांगावे, हेही पुढील बैठकांत शिकवले जाते.

तथापि या उपचाराचा कणा म्हणजे कामाची मापणी. प्रत्येक बाईने काही दिवस एवढेच टिपावयाचे की, वेदना चढू लागण्यापूर्वी आपण किती वेळ बसू शकतो. समजा, सरासरी पन्नास मिनिटे निघाली. त्यातून पाचवा हिस्सा वजा करून चाळीस मिनिटांवर आरंभ करावयाचा. चाळीस मिनिटे झाली की, दुखत असो वा नसो, उठावयाचे. पाच मिनिटे चालावयाचे, खांदे फिरवावयाचे आणि मग परत बसावयाचे. दुखत नसताना उठणे हे यातील सर्वांत अवघड काम आहे. हातात सुई, नक्षी अर्धी झालेली, पाठ शांत. अशा वेळी उठणे म्हणजे शुद्ध मूर्खपणा वाटतो. पण विरामाची वेळ वेदनेने ठरवली की मज्जासंस्था तेच शिकते, आणि घड्याळाने ठरवली की हळूहळू ते विसरते. दर आठवड्याला वेळ थोडी वाढवावयाची. तीही चांगल्या दिवशी अधिक नाही आणि वाईट दिवशी उणी नाही. घड्याळाकडे पाहणे ज्यांना जमत नाही त्यांनी बुट्ट्यांचे माप धरावे. तीन बुट्ट्या भरल्या की उठावयाचे. माप कोणतेही असो, ते आधी ठरलेले असावे.

आता या सर्वाचा उपयोग किती होतो, हा प्रश्न. इंग्लंडमध्ये कंबरदुखीच्या ७०१ रोग्यांवर केलेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. सर्वांना योग्य सल्ला देण्यात आला आणि त्यांपैकी ४६८ जणांना त्याशिवाय सामूहिक बोधोपचाराच्या सहापर्यंत बैठकी देण्यात आल्या. दैनंदिन कामातील अडचण मोजण्याच्या २४ अंकांच्या पट्टीवर, वर्षानंतर केवळ सल्ला मिळालेल्यांची अडचण १.१ अंकाने आणि गटात बसलेल्यांची २.४ अंकांनी कमी झाली होती. हा फरक मोठा नाही, पण वर्षभर टिकला हे महत्त्वाचे. खर्चही अल्प होता. २०२० मध्ये जगभरच्या ७५ चाचण्यांचा, म्हणजे नऊ हजारांहून अधिक रोग्यांचा, एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यातही बोधोपचाराचा लाभ खरा, पण लहान किंवा अतिशय लहान असल्याचा निष्कर्ष निघाला. कोणी या उपचाराने वेदना समूळ जाईल असे सांगत असेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

चिनहटच्या दृष्टीने याहून उद्‌बोधक चाचणी अमेरिकेतील आलाबामा राज्यात झाली. बेव्हर्ली थॉर्न यांनी तेथील गरिबांच्या दवाखान्यांत २९० व्यक्तींवर ती केली आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांतील सुमारे एकतृतीयांश व्यक्तींचे वाचन पाचवीच्या इयत्तेपेक्षाही खालचे होते. म्हणून लिखाण कमी केले, वाक्ये सोपी केली, आणि दर आठवड्यास दीड तास याप्रमाणे दहा बैठकी घेतल्या. दुसऱ्या गटास विचार तपासण्याचे शिक्षण न देता वेदनेचे केवळ ज्ञान, तेही चर्चेसह, देण्यात आले. दोन्ही गटांची स्थिती नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा सुधारली आणि हालचालींतील सुधारणा सहा महिन्यांनंतरही टिकून राहिली. वेदनेच्या तीव्रतेतील घट मात्र तोवर बोधोपचाराच्या गटात टिकली नव्हती, ज्ञानाच्या गटात टिकली होती. तज्ज्ञांना हा निकाल थोडा अवघडच गेला असावा. त्याचा एक सरळ अर्थ असा की, आपल्या शरीरात काय चालले आहे हे कोणीतरी आदराने समजावून सांगणे आणि ते सोबत्यांत बसून ऐकणे, हाच औषधाचा बराच मोठा भाग आहे.

हे काम करण्यास तज्ज्ञ किती लागतील, या शंकेचे उत्तर भारतातच मिळाले आहे, जरी ते वेदनेवरील नसून नैराश्यावरील कामातून आले आहे. गोव्यात विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी सामान्य शिक्षण असलेल्या व्यक्तींना समुपदेशनाचे प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवले. त्यांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४९५ रोगी होते. तीन महिन्यांनी या समुपदेशकांकडे गेलेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, इतरांपैकी ३९ टक्के. ही भेट एकेकट्याची होती, समूहाची नव्हे, हे लक्षात ठेवावे. पण आपल्याकडे उदास मनुष्य दवाखान्यात येतो तो बहुधा अंगदुखीची आणि अशक्तपणाची तक्रार घेऊनच. 'दुखणे' आणि 'दुःख' हे मराठी शब्द उगाच एका घरचे नाहीत. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत चाललेल्या अशाच एका कार्यक्रमाचे नाव इंग्रजी आद्याक्षरांवरून 'विश्राम' असे जुळून आले होते. तेथे गावातीलच कार्यकर्ते लोकांशी 'ताण' या शब्दातून बोलत. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले.

चिनहटपासून जवळच गोमतीनगरमध्ये राम मनोहर लोहिया संस्थेचे मोठे रुग्णालय आहे आणि लखनौमध्ये वैद्यकीय विद्यालयांचीही वाण नाही. अडचण वेगळ्या ठिकाणी आहे. पुस्तकातील कामाची मापणी असे गृहीत धरते की, मनुष्य आपल्या वेळेचा मालक आहे. नगावर काम करणाऱ्या बाईला प्रत्येक विराम पैशांत मोजावा लागतो. माल उद्या द्यावयाचा असेल तर ती आज चार तास सलग बसणारच, मग गटात काहीही ठरलेले असो. केवळ तिचे विचार सुधारून हा पेच सुटणार नाही, हे स्पष्ट बोललेले बरे. लखनौमध्ये १९८४ पासून 'सेवा' ही संस्था चिकन भरणाऱ्या स्त्रियांना मध्यस्थांच्या तावडीतून सोडवण्याचे काम करीत आली आहे, आणि स्त्रियांना एकत्र बसण्याची सवय अशा संस्थांतून आधीच लागलेली असते. सहा आठवडे बुट्ट्या मोजलेल्या दहा बायकांच्या गटाजवळ शेवटी एक आकडा असतो: दुसरा दिवस अंथरुणात न घालवता एका दिवसात किती बुट्ट्या भरता येतात. कुर्त्याची मुदत ठरवताना तो ठेकेदारापुढे ठेवता येतो. बहुतेकदा असे दिसेल की, विराम घेत सलग सहा दिवस केलेले काम हे दोन दिवस अतोनात आणि दोन दिवस मुळीच नाही अशा रीतीने केलेल्या कामापेक्षा कमी भरत नाही.